कायदा बाहेरून आला. पत येथेच कमवावी लागली

जिंतूरहून येलदरीकडे जाणारा रस्ता पूर्णा नदीपाशी पोहोचतो तेव्हा धरणाची लांबलचक भिंत समोर येते. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पूर्णा पुढे गोदावरीला मिळते. तिला येलदरी येथे अडवले आहे आणि खालच्या सिद्धेश्वर धरणातून कालव्यांना पाणी सोडले जाते. १९५८ ते १९६८ या दशकात हे काम उभे राहिले. जलाशयाची साठवणक्षमता ९३४ दशलक्ष घनमीटर असून पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे वीजगृह आहे. जैन वाचकांना जिंतूर परिचित आहे ते नेमगिरीच्या गुंफांमुळे. नेमगिरीचे दर्शन घेऊन वेळ उरला तर येलदरीचे पाणी पाहून यावे, असा या भागाचा रिवाज आहे.

या भिंतीहून जुनी अशी एक भिंत याच परिसरात होती. ती आज दिसत नाही. जिंतूरच्या उत्तरेला काही कोसांवर वऱ्हाडची हद्द लागत असे. अलीकडे निजामाचे राज्य, ज्याला वऱ्हाडातील लोक ‘मोगलाई’ म्हणत. पलीकडे इंग्रजांचा अंमल. भाषा एक, पीकपाणी एक, सोयरिकी दोन्हीकडे. कागदोपत्री तर वऱ्हाडही निजामाचेच होते. फौजेच्या खर्चापोटी ते १८५३ मध्ये इंग्रजांकडे सोपवले गेले आणि १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने दिले गेले. तरीही थोरल्या भावाची पेढी वाशीमला आणि धाकट्याची जिंतूरला असेल, तर ते दोघे दोन वेगळ्या जगांत व्यापार करीत. माल हद्दीवर आला की करोडगिरीच्या नाक्यावर थांबे. रुपयेही दोन प्रकारचे होते, निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. सात हालींना सुमारे सहा कलदार असा हिशेब. एकाच घरच्या वहीत दोन नाण्यांचे जमाखर्च मांडावे लागत. वाद झाला तर थोरला इंग्रजांच्या दिवाणी न्यायालयात जाई. धाकट्याला मात्र आधी अर्जनवीस गाठून उर्दूत अर्ज लिहून घ्यावा लागे.

लोकशाही आणि कायद्याचे राज्य एका देशातून दुसऱ्या देशात नेऊन रुजवता येते काय, हा प्रश्न गेली पंचवीस वर्षे इराक आणि अफगाणिस्तान यांच्या संदर्भात विचारला जातो. मराठवाड्याला त्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. येथे या दोन्ही गोष्टी १९४८ च्या सप्टेंबरात सैन्याच्या मागोमाग आल्या. निजामाने जून १९४७ मध्ये आपण स्वतंत्र राहणार असे जाहीर केले होते, आणि भारताविरुद्धची त्याची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपर्यंत गेली होती. हैदराबादच्या दरबाराच्या दृष्टीने ही एका देशाने दुसऱ्या देशावर लादलेली व्यवस्था होती. परभणी-जिंतूरच्या रयतेच्या दृष्टीने ती तशी नव्हती. सगळा प्रश्न या फरकातच साठलेला आहे.

निजामाच्या राज्यात कायदा नव्हताच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकोणिसाव्या शतकात सालारजंगाने जिल्हे आखले, अधिकारी नेमले, महसुलाची घडी बसवली. हैदराबाद शहरात मुसी नदीच्या काठी उच्च न्यायालयाची भव्य इमारत १९२० पर्यंत उभी राहिली. १९२१ च्या सुमारास न्यायखाते महसुली अधिकाऱ्यांपासून वेगळे करण्यात आले. इंग्रजी मुलखातील पुढारी जी सुधारणा वर्षानुवर्षे मागत होते, ती निजामाने एका फर्मानाने केली. अडचण नेमकी या ‘फर्मानाने’ या शब्दात होती. जे एका फर्मानाने मिळते, ते दुसऱ्या फर्मानाने जाऊ शकते. न्यायाधीश होते, कायद्याची पुस्तके होती; राजा मात्र त्या पुस्तकांच्या बाहेर उभा होता. ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाने सभा घेण्यावर परवानगीचे बंधन घातले होते. परवानगी नाकारली गेली तर कोणत्या दारात दाद मागावी, याला उत्तर नव्हते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हुंडीचा कागद उत्तम होता. पण ती वटवायची की नाही, हे पेढीच्या मालकाच्या त्या दिवशीच्या मर्जीवर होते.

म्हणूनच मागणी आतून उठली. जून १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली परतूरला भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. परिषदेची भाषा सौम्य आणि विनंतीची होती, आणि मागण्या होत्या मातृभाषेतील शिक्षण, नागरी स्वातंत्र्य व जबाबदार राज्यपद्धती यांच्या. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ती बंदी १९४६ मध्ये उठली. मधली आठ वर्षे मराठवाड्याने वाया घालवली नाहीत. खासगी शाळा आणि ग्रंथालये यांतून एक पिढी घडली. स्वामी रामानंद तीर्थ हे राजकारणात येण्यापूर्वी हिप्परग्याच्या आणि पुढे मोमिनाबादच्या, म्हणजे आजच्या अंबाजोगाईच्या, शाळेत मुख्याध्यापक होते, हे सहज विसरले जाते. या शाळांचे मंडळ, सभासदांची वर्गणी, वार्षिक सभा, हिशेबाचे वाचन आणि बहुमताने होणारे ठराव या सगळ्यांत लोकशाहीचा सराव आधीच चालू होता. तो सराव करणाऱ्यांत गावोगावचे व्यापारीही होते. देणगीदार तेच आणि बहुधा खजिनदारही तेच.

ही मागणी एका धर्माची होती, असेही समजू नये. हैदराबादमधील ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्लाखान यांनी रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने निर्भयपणे लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. त्या वेळी ते तिशीचेही नव्हते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. रझाकारांच्या भीतीने हद्दीपलीकडे, वऱ्हाडात आणि सोलापूरकडे, गेलेली कुटुंबे परतू लागली. पाच दिवसांत संपलेल्या त्या मोहिमेचा आनंद मराठवाडा दरवर्षी १७ सप्टेंबरला साजरा करतो, आणि तो योग्यच आहे. मात्र त्यानंतरच्या काही आठवड्यांची कथा ध्वजारोहणाच्या भाषणांत क्वचितच येते. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड, त्या अत्याचारांशी काही संबंध नसलेल्या मुस्लिम शेजाऱ्यांवर उगवला गेला. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि त्यांचे सहकारी राज्यात फिरले. मृतांची संख्या २७,००० ते ४०,००० असावी, असा अंदाज त्यांनी मांडला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळले होते. सरदार पटेलांना हा अंदाज मान्य नव्हता. अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. आकडा कोणताही धरला तरी एक गोष्ट उरते: कायद्याचे राज्य आणायला निघालेल्या मोहिमेच्या पाठोपाठ, काही आठवडे, कायदा कोठेच नव्हता. जुना मोडला होता आणि नवा पोहोचला नव्हता. बळाने आणलेल्या प्रत्येक व्यवस्थेत ही फट असते. त्या फटीत जो सापडतो, त्याचा नव्या कायद्यावर विश्वास बसायला पिढ्या लागतात.

यानंतर राज्यघटना आली, आणि ती ज्या रीतीने आली ते पाहण्यासारखे आहे. संविधान सभेत हैदराबादला सोळा जागा होत्या. त्या रिकाम्याच राहिल्या. मूलभूत हक्कांवर, मतदानाच्या अधिकारावर, न्यायालयांच्या रचनेवर दिल्लीत चर्चा चालली, तेव्हा परभणीच्या बाजूने बोलणारा एकही सदस्य सभागृहात नव्हता. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने ही राज्यघटना आपल्या संस्थानाला लागू होईल असे जाहीर केले, आणि तेही फर्मान काढूनच! लोकशाही येथे राजाच्या आज्ञेने आली. २६ जानेवारी १९५० रोजी तोच निजाम राजप्रमुख झाला आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिला. सोळा रिकाम्या खुर्च्या आणि एक फर्मान, एवढ्यावरूनच पाहिले तर ही संपूर्ण आयात होती. ती रुजण्याचे काही कारण दिसत नाही.

ती रुजली याची कारणे लहान आणि व्यवहारी आहेत. पहिले असे की जुने सर्व काही जाळून टाकले गेले नाही. न्यायालये चालू राहिली. महसुलाच्या नोंदी राहिल्या, आणि १९५४-५५ च्या खासरा पहाणीचा उतारा आजही मराठवाड्यातील जमिनीच्या दाव्यात पुढे येतो. हाली रुपया एका रात्रीत रद्द झाला नाही. तो कलदारबरोबर चालत राहिला आणि १९५९ पर्यंत हळूहळू मावळला. व्यापाऱ्याला जुन्या येण्याचा हिशेब नव्या नाण्यात करून घेण्यास अवधी मिळाला. याउलट मे २००३ मध्ये इराकमध्ये काय झाले, ते आठवावे. सत्तारूढ पक्षाच्या वरच्या थरातील माणसांना एका आदेशाने सरकारी नोकरीतून काढले गेले आणि दुसऱ्या आदेशाने सैन्य बरखास्त झाले. लाखो माणसे, शस्त्र चालवण्याचे शिक्षण असलेली, एका आठवड्यात घरी बसली. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

दुसरे कारण असे की नव्या कायद्याने येथील माणसाच्या हातात लगेच काही दिले, आणि कोणाच्या हातून काही काढूनही घेतले. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या. १९५० च्या कूळकायद्याने संरक्षित कुळांना हक्क मिळाले. कर्जफेडीत व्यापारी घराण्यांकडे आलेल्या जमिनींनाही हा कायदा लागू होता. ज्या घराण्यांनी अशा जमिनी गमावल्या, त्यांच्यात त्याविषयीची कडवट आठवण अजूनही निघते. परंतु त्यांनी हत्यार उचलले नाही. त्यांनी वकील केला.

येथे या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. कायदा रुजला की नाही, हे जिंकणाऱ्याकडे पाहून कळत नाही. जिंकणारा नेहमीच समाधानी असतो. हरलेला माणूस पुढच्या वेळी पुन्हा त्याच दारात येतो काय, हे पाहावे लागते. बाजारात पत अशीच मोजली जाते. ज्याला नफा झाला तो पुन्हा येणारच. ज्याला एका सौद्यात खोट आली तोही त्याच पेढीवर परत येतो, तेव्हा त्या पेढीची पत खरी.

या कसोटीवर १९५० नंतरची काही वर्षे तपासावीत. तेलंगणात साम्यवाद्यांनी हत्यारी लढा दिला होता, आणि तो त्यांनी ऑक्टोबर १९५१ मध्ये मागे घेतला. काही महिन्यांतच झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांचे नेते रवि नारायण रेड्डी नलगोंड्यातून लोकसभेवर इतक्या मतांनी निवडून आले की देशात त्यांची मते पंडित नेहरूंच्या मतांहूनही अधिक होती. त्याच निवडणुकीत १७५ सदस्यांची हैदराबाद विधानसभा निवडली गेली आणि बुर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. तोवर कारभार दिल्लीने पाठवलेल्या माणसांकडे होता, आधी जनरल चौधरी आणि मग वेलोडी. पाठवलेली माणसे साडेतीन वर्षांत निघून गेली, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. वर्ष संपण्याआधीच ‘गैरमुलकी’ अधिकाऱ्यांविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले. मद्रास आणि मुंबईकडून आलेले अधिकारी आमच्या जागा घेतात, हा त्यांचा रोष होता. सप्टेंबर १९५२ मध्ये हैदराबादेत गोळीबार होऊन माणसे मेली. आयात केलेल्या न्यायाबरोबर आयात केलेले साहेब आले की काय होते, त्याचा हा नमुना. पण चौकशी उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांकडे गेली, आणि प्रश्न सभागृहात विचारला गेला.

याहून बोलका दाखला हबीब मोहंमद यांचा आहे. ते निजामाच्या काळात वरंगळचे सुभेदार होते. एका गावातील जाळपोळ आणि हत्येच्या प्रकरणात नव्या राजवटीच्या विशेष न्यायाधीशाने त्यांना दोषी ठरवले होते. जुन्या राजवटीतील एका बड्या अधिकाऱ्यासाठी कोणाचे मन द्रवण्याचे ते दिवस नव्हते. तरी अपील दिल्लीला गेले, आणि १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. महत्त्वाच्या साक्षीदाराला सरकारी पक्षाने न्यायालयासमोर आणलेच नाही, त्यामुळे आरोपीला न्याय्य सुनावणी मिळाली नाही, हे त्यामागचे प्रमुख कारण होते. पराभूत राजवटीच्या माणसाला विजयी राजवटीच्या न्यायालयाने मोकळे केले. ज्या आठवड्यांचा उल्लेख वर आला, त्यांची भरपाई यातून होत नाही. पण १९४८ मध्ये पडलेली फट कोठून बुजू लागली, ते दिसते.

हीच कसोटी दूर नेऊन लावता येते. जपानची राज्यघटना १९४६ च्या फेब्रुवारीत अमेरिकी सेनाधिकाऱ्यांच्या कचेरीत सुमारे आठवडाभरात लिहिली गेली. ३ मे १९४७ रोजी ती अमलात आली आणि आजवर तिच्यातील एक शब्दही बदललेला नाही. बाहेरून आलेली घटना टिकते याचे हे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून दिले जाते. पण जपानमध्ये १८९० पासून संसद होती आणि १९२५ पासून सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार होता. परतूरला जसा सराव आधी झाला होता, तसा तेथेही झाला होता.

अफगाणिस्तानचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे, कारण तेथे भारतानेही काही दिले. काबूलमधील संसदेची इमारत भारताने बांधली. पंतप्रधानांच्या हस्ते २५ डिसेंबर २०१५ रोजी तिचे उद्घाटन झाले. हेरात प्रांतातील सलमा धरणही भारतानेच पूर्ण केले आणि जून २०१६ मध्ये ते सुरू झाले. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये आले. २००४ ची राज्यघटना बाजूला पडली, संसद रिकामी झाली. धरण मात्र उभे आहे. येलदरीच्या भिंतीवर उभे राहून विचार केला तर यात नवल वाटत नाही. भिंत बांधून देता येते. पाणी कोणत्या शेताला आधी मिळावे यावरचा तंटा कोण सोडवील, ते बाहेरचा ठरवून देऊ शकत नाही. अफगाण खेड्यांतील माणसे जमिनीच्या आणि पाण्याच्या तंट्यांसाठी, सरकारी न्यायालये जवळ असूनही, तालिबानच्या काझीकडे जात. सरकारी न्यायालयात लाच द्यावी लागे आणि वर्षे जात. काझीचा निकाल कठोर असला तरी आठवड्यात लागे. घटनेचे कलम किती उदात्त आहे हे तंट्यात अडकलेला शेतकरी पाहत नाही. तो निकालाची तारीख पाहतो. जिंतूरच्या मोंढ्यातील आडत्याही हेच पाहील.

तारखेचा विषय निघाला की शिरपूरची आठवण टाळता येत नाही. येलदरीच्या उत्तरेला, जुन्या हद्दीपलीकडे, वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे प्राचीन क्षेत्र आहे. पूजेच्या वेळा दिगंबर आणि श्वेतांबर बांधवांनी १९०५ मध्ये आपसांत वाटून घेतल्या. तो समझोता टिकला नाही. प्रकरण अकोल्याच्या न्यायालयात गेले, तेथून नागपूरला आणि अखेर लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत. १९२९ मध्ये तेथे निकाल झाला. ज्यांनी शिरपूर कधी पाहिले नव्हते, जैन धर्मातील दोन परंपरांचा सूक्ष्म भेद ज्यांना पुस्तकांतूनच ठाऊक होता, अशा न्यायमूर्तींनी सातासमुद्रांपलीकडे बसून वऱ्हाडातील एका मंदिराचा निर्णय केला. यापेक्षा अधिक ‘आयात’ न्याय कोणता असेल? पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभापासून सुमारे चार दशके तेथील मूर्तीचे दर्शन झरोक्यातूनच होत असे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला.

निकालात कोणाला काय मिळाले, हा येथे विषय नाही. दोन गोष्टी मात्र नोंदवायला हव्यात. एक, शंभर वर्षांहून अधिक काळ दोन्ही बाजू, हरल्या तरी, न्यायालयातच गेल्या. राज्य इंग्रजांचे असताना गेल्या आणि आपले झाल्यावरही गेल्या. त्या अर्थी बाहेरून आलेल्या न्यायालयाची पत समाजाने मानली. दोन, लंडनचा निकाल असो वा दिल्लीचा, १९०५ च्या कागदात जे होते ते त्याला देता आले नाही. तो कागद दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसून स्वतः लिहिला होता.

१७ सप्टेंबरनंतर सातच आठवड्यांनी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेपुढे घटनेचा मसुदा मांडला. घटनात्मक नीती माणसात जन्मतः नसते, ती जोपासावी लागते. आणि भारतातील लोकशाही हा मुळात लोकशाहीविरोधी असलेल्या मातीवर पसरलेला वरचा थर आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या सभागृहात मराठवाड्याच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पण वर्णन मराठवाड्याला लागू पडणारे होते. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर परभणी, नांदेडसह अनेक जिल्ह्यांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. ठराव कायदेशीर होता, सभागृह निवडून आलेले होते, तरी वस्तीचे रक्षण झाले नाही. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला, साडेपंधरा वर्षांनी.

कायदा उशिरा पोहोचल्याचा एक पुरावा येलदरीच्या पाण्याखालीही आहे. धरणाला जमिनी घेतल्या गेल्या तो भूसंपादनाचा कायदा स्वातंत्र्यापूर्वीच्या राजवटीतला. त्यात पैशाच्या मोबदल्याची तरतूद होती, पुनर्वसनाची नव्हती. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला तो १९७६ मध्ये. येलदरीचे धरण त्याच्या आठ वर्षे आधी पुरे झाले होते. वरून आलेला कायदा येथे ताबडतोब लागू झाला. येथील माणसाच्या अनुभवातून घडलेला कायदा यायला वेळ लागला, आणि तो ज्यांच्या अनुभवातून घडला त्यांना पुरेसा उपयोगी पडला नाही.

न्यायालयाचे अंतर हाही असाच प्रश्न. १९५६ पर्यंत परभणीचे अपील हैदराबादला जाई, पुढे ते मुंबईला जाऊ लागले. खंडपीठ जवळ यावे म्हणून वकील आणि व्यापारी यांनी सतत मागणी केली, आणि २७ ऑगस्ट १९८१ रोजी उच्च न्यायालयाचे कामकाज औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू झाले. पक्षकाराला रात्रीच्या गाडीने मुंबई गाठण्याची गरज उरली नाही. कोणत्याही भाषणापेक्षा या एका गोष्टीने कायद्याचे राज्य परभणीच्या अधिक जवळ आणले, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणी शहरात रेल्वे स्थानकाजवळ असलेल्या राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले. दगडफेक आणि जाळपोळ झाली. पोलिसांनी अनेकांना पकडले. त्यांतील कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला.

पंचाहत्तर वर्षांपूर्वी फर्मानाने आलेल्या, परभणीचा एकही माणूस हजर नसताना लिहिल्या गेलेल्या पुस्तकाच्या प्रतिकृतीसाठी परभणीतील सर्वांत गरीब वस्त्या रस्त्यावर आल्या. ते पुस्तक आता कोणाचे, हा प्रश्न तेथे संपला. पण त्याच दिवशी काही दुकानांचे नुकसान झाले, आणि ज्यांचा या सगळ्याशी संबंध नव्हता अशा दुकानदारांनी शटर ओढून आत बसून तो दिवस काढला. दुकानदाराला हवे होते ते पोलिसांचे संरक्षण. त्या तरुणाला हवे होते ते पोलिसांपासूनचे संरक्षण. दोन्ही एकाच राज्यघटनेने कबूल केलेले आहे, आणि एकाला मिळाले तर दुसऱ्याचे कमी होते असे नाही. या शहरातील व्यापाऱ्यांनी आणि त्या वस्त्यांनी परस्परांना हे अजून पुरते सांगितलेले नाही.

त्या तरुणाची आई औरंगाबादच्या खंडपीठात गेली. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध दिल्लीला गेले, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला.